कोनाचा स्लॉट हवाय? पोहणं आहे तेवढं पुरे, सायकलचं बघा

रत्नागिरीत राहता, भाट्याच्या समुद्रात पोहता, गोव्याची आयर्नमन 70.3 (पोहणं, सायकल, धावणं अशी अर्ध्या अंतराची शर्यत) पूर्ण केली आहे आणि आता कोनाला, म्हणजे हवाईतल्या आयर्नमनच्या जागतिक स्पर्धेला जायचंय. त्यासाठी नोकरी बदलून पुण्याला जावं का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते अजिबात जाऊ नका.

पण आधी एक गोष्ट. गोव्याची शर्यत (1.9 किमी पोहणं, 90 सायकल, 21.1 धावणं) फार तर 70.3च्या जागतिक स्पर्धेला नेईल, कोनाला नाही. कोनासाठी 3.8, 180 आणि 42.2 किमी अशी पूर्ण शर्यत लागते आणि ती भारतात होत नाही. आपल्या लोकांना मलेशियातली लंकावी बरी. तिथला उकाडा आपल्याला नवा नाही आणि थंड पाण्याची, वेटसूटची (अंगाला घट्ट बसणाऱ्या रबरी पोशाखाची) भानगड नाही. वयोगटातल्या पहिल्याला थेट स्लॉट (कोनातली जागा) मिळतो, उरलेले वयाचा हिशोब धरून काढलेल्या वेळेवर वाटतात. 17 तासांच्या मुदतीत शर्यत संपवून मेडल घेणं आणि स्लॉट मिळवणं या दोन वेगळ्या शर्यती आहेत म्हणा ना.

आता मुद्द्याचं. कोकणातली पोरं पाण्यात चांगली असतात, म्हणून सराव पाण्यातच वाढवतात. हिशोब करून बघा. 3.8 किमीला 75 मिनिटं लागत असतील, तर जिवाचं रान करून 70 होतील. सायकलवर मात्र ताशी 28 किमीची सरासरी 30 झाली की 180 किमीत जवळजवळ 26 मिनिटं वाचतात. आठवड्यातून दोनदा पोहा, बाकीचा वेळ सायकलला द्या.

रस्ता तुमच्या दारात आहे. भाट्याचा पूल ओलांडून पावस, पुढे पूर्णगडकडे. किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल असं घाटावरच्यांना वाटतं. आपल्याला माहीत आहे की प्रत्येक खाडीला उतरायचं आणि पुन्हा सड्यावर (वरच्या कातळ पठारावर) चढायचं. त्या चढावरच सगळे फसतात. उभं राहून, धापा टाकत चढतात आणि वर सड्यावर पोचले की पाय सोडून देतात. उलट करा. चढ बसून, हलक्या गिअरवर, बोलता येईल इतक्या दमात काढा आणि सड्यावर खाली वाकून एकसारखा जोर लावा. सकाळी लवकर निघा, कारण दुपारी समुद्रावरचा वारा सुटतो आणि रविवारी आरे-वारेला पर्यटकांच्या गाड्या. ग्रुपमध्ये दुसऱ्याच्या मागे चिकटून काढलेली सरासरी धरूच नका. शर्यतीत पुढच्या सायकलपासून 12 मीटर अंतर राखावं लागतं.

पावसाळ्यात रस्त्यावर शेवाळ, समुद्र बंद. घरी ट्रेनर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) लावा. विजेवर चालणारा महागडा घेऊ नका, आपल्याकडे जून-जुलैत लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही. साधा मॅग्नेटवाला चालतो.

मे महिन्याचा उकाडा वाया घालवू नका. लांब राइडच्या आधी आणि नंतर वजन करा: एक किलो घट म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात प्यायलेलं पाणी मिळवा. तासाला 60 ते 90 ग्रॅम कर्बोदकं पोटाला सवयीची झाली पाहिजेत. कोकम सरबतात साखर असतेच, बाटलीत पाव चमचा मीठ टाकलं की पाचशे-सहाशे मिलिग्रॅम सोडियम मिळतं. (सोलकढी नको. नारळाचं दूध पोटात घेऊन धावून बघा, मग कळेल.)

समुद्राचं एकच सांगतो. घरातल्या म्हाताऱ्यांची रीत वापरा: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास. त्या आसपासच पोहा. ओहोटी लागल्यावर भाट्याच्या खाडीच्या मुखाशी जाऊ नका, पाणी बाहेर ओढतं. कमरेला भगव्या रंगाचा फ्लोट (हवा भरलेली तरंगती पिशवी) हवाच, होडीवाल्यांना डोकं दिसत नाही.

आणि लंकावीला जाल तेव्हा परतीचं विमान शर्यतीच्या दुसऱ्या दिवशी रात्रीचं किंवा त्याहून उशिराचं काढा. वरच्या नंबरचे लोक स्लॉट नाकारतात तेव्हा तो खाली सरकत येतो, पण नाव पुकारल्यावर तुम्ही समोर असायला हवं आणि पैसे तिथेच भरावे लागतात. आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू असलेलं कार्ड खिशात ठेवा.