गोव्यातील दाबोळीच्या हंसा तळावर नौदलाची हेलिकॉप्टरे नेहमी दिसतात. पण ड्रोन आणि संकरित युद्धाच्या (उघड लढाईला छुप्या, अघोषित हल्ल्यांची जोड देणाऱ्या युद्धाच्या) या काळात हल्ला करणाऱ्या हेलिकॉप्टरला काही काम उरले आहे का?

काम उरले आहे, मात्र ते शत्रूच्या डोक्यावर जाऊन मारा करण्याचे नसून दूर राहून क्षेपणास्त्र सोडण्याचे आणि छुप्या, अघोषित हल्ल्यांना तातडीने तोंड देण्याचे आहे. फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमधील कीव्हजवळच्या होस्टोमेल विमानतळावर रशियाच्या का-52 या हल्ल्यासाठीच्या हेलिकॉप्टरांना खांद्यावरून डागलेल्या क्षेपणास्त्रांचा फटका बसला. 2023 च्या उन्हाळ्यात मात्र त्यांनीच आघाडीच्या मागे राहून युक्रेनची चिलखती वाहने टिपली. गोव्यासारख्या किनारी प्रदेशाला तांबड्या समुद्रातील उदाहरण अधिक लागू पडते. 31 डिसेंबर 2023 रोजी ‘मर्स्क हांगझो’ या मालवाहू जहाजावर येमेनमधील हुथी बंडखोरांच्या चार लहान बोटी चालून आल्या, तेव्हा अमेरिकी सेंट्रल कमांडच्या निवेदनानुसार अमेरिकी नौदलाच्या हेलिकॉप्टरांनी आधी तोंडी इशारा दिला आणि बोटींवरून गोळीबार झाल्यावर त्यांपैकी तीन बुडवल्या. मच्छीमार कोण आणि हल्लेखोर कोण, हे जागेवर पारखण्याचे असे काम माझ्या मते अजून वैमानिकालाच अधिक साधते. अर्थात ती नौदलाची बहुउद्देशीय हेलिकॉप्टरे होती. केवळ हल्ल्यासाठी बांधलेल्या हेलिकॉप्टरांची जागा ड्रोनना देण्याचे जपानने डिसेंबर 2022 मध्येच ठरवले आहे.