खिशातले रिव्हॉल्व्हर

प्रश्न : बाजार समितीतून रोकड घेऊन रात्री दुचाकीने घरी जातो. परवान्याचे छोटे रिव्हॉल्व्हर विजारीच्या खिशात किल्ल्यांसोबत ठेवले तर चालेल का?
– एक कांदा व्यापारी, सोलापूर

उत्तर : मुळीच नाही. रिव्हॉल्व्हरला बहुधा वेगळा सेफ्टी खटका नसतो. किल्ली चापात अडकली, तर गाडीवर बसताना गोळी तुमच्याच मांडीत शिरू शकते. चाप पूर्ण झाकणारे घट्ट होल्स्टर, म्हणजे शस्त्राचे म्यान, घ्यावे आणि त्या खिशात दुसरे काहीही ठेवू नये. शस्त्र नियम २०१६ नुसारही सार्वजनिक ठिकाणी शस्त्र उघडे बाळगता येत नाही. जुन्या बनावटीचे शस्त्र खाली पडल्यास धक्क्यानेही बार उडू शकतो, म्हणून हॅमरसमोरचे (गोळीवर आदळणाऱ्या घोड्यासमोरचे) गोळीचे घर रिकामे ठेवावे. घरी पोचल्यावर, मुले झोपलेली असली तरी, गोळ्या काढून वेगळ्या कुलपात ठेवाव्यात.