किनाऱ्याने सायकल काढताय? आधी वारा बघा

नवखे लोक नकाशावर चढ मोजतात आणि वाऱ्याला विसरतात. चढाला निदान माथा तरी असतो. समोरचा वारा संध्याकाळपर्यंत सोबत करतो. ताशी 20 किमीने जाताना समोरून तेवढाच वारा असेल, तर हवेचा रोध चौपट होतो. तेव्हा वेगाचा हट्ट सोडा, हलका गिअर टाका आणि त्या दिवसाचं अंतर आधीच कमी धरा.

अंदाजात 'वायव्य वारा' म्हटलं की तो वायव्येकडून येतो. हसू नका, पहिल्या सफरीत मी नेमकं उलटं समजलो होतो आणि चार दिवस तोंडावर वारा खाल्ला.

ऊन चढलं की जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, वरची हवा उठते आणि समुद्रावरून वारा आत शिरतो. दुपारी त्याचा जोर असतो. म्हणून पहाटे निघा, उघडा टप्पा अकराच्या आत संपवा.

मला खरी धास्ती आडव्या वाऱ्याची. अंदाजातला सरासरी वेग सोडून झोताचा आकडा बघा. सामानाच्या बॅगा शिडासारख्या वारा धरतात. तुम्ही वाऱ्याकडे झुकून चालवत असता, त्याच बाजूने ट्रक ओलांडतो, क्षणभर वारा तुटतो आणि सायकल थेट ट्रककडे ओढली जाते. पुलावर आणि कड्याच्या आडोशातून बाहेर पडताना हँडल खालून धरा, पण घट्ट आवळू नका.

जमलं तर एकाच दिशेने, वारा पाठीशी ठेवून जा. परतीला रेल्वे आहेच.