सातबाऱ्यावर नाव लागलं की निराधारचा पगार बंद होतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: आई विधवा आहे, तिला संजय गांधी निराधार अनुदान योजनेचे महिन्याला १,५०० रुपये मिळतात. आजोबा, म्हणजे आईचे वडील, वारले. मागे सहा एकर कोरडवाहू जमीन आणि चार वारस: आजी, दोन मामा आणि आई. मामांचं म्हणणं, "सातबाऱ्याला नाव लागलं तर तुझा पगार बंद होईल, त्यापेक्षा हक्कसोड करून दे," म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याचा दस्त.

नुसतं नाव लागल्याने पगार बंद होत नाही. आणि या भीतीपोटी आईने हक्कसोडपत्रावर सही मुळीच करू नये, असं माझं ठाम मत आहे. पगार वर्षाला १८,००० रुपयांचा. तो थांबला तरी पात्रता असेल तेव्हा पुन्हा अर्ज करता येतो. नोंदणी झालेलं हक्कसोडपत्र मात्र सहजासहजी मागे घेता येत नाही. फसवणूक किंवा दबाव सिद्ध करायला दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि त्यात वर्षं जातात.

या योजनेची आर्थिक अट उत्पन्नाची आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांपर्यंत (दिव्यांगांसाठी मर्यादा ५०,००० आहे). कुटुंब म्हणजे आई आणि तिच्या घरातली माणसं. मामांची कमाई त्यात धरायची नसते. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला तलाठ्याच्या अहवालावर निघतो आणि शेतीचं उत्पन्न तलाठी क्षेत्र, जिरायत की बागायत, कोणतं पीक यावरून धरतो. घोटाळा होतो तो इथेच. वारस नोंद झाली की जमीन बहुतेक वेळा सामाईक खात्यावर राहते. सातबाऱ्यावर चौघांची नावं आणि त्यांच्यापुढे मिळून एकच क्षेत्र. तलाठ्याने घाईत सहा एकर आईच्या नावापुढे धरले तर उत्पन्न २१,००० च्या वर जाणारच. चौघांचे हिस्से समान असल्याने आईचा हिस्सा दीड एकर होतो. म्हणून दाखल्याच्या अर्जासोबत सातबारा, आठ-अ (खाते उतारा) आणि वारसांचा फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलाची नोंद) जोडा, आणि स्वयंघोषणापत्रात आईचा हिस्सा किती, जमीन कोण कसतं, आईला त्यातून वर्षाला प्रत्यक्षात काय मिळतं हे स्वच्छ लिहा. मामा कसत असतील आणि आईला दोन पोती ज्वारी मिळत असेल, तर तेच लिहा. खोटं लिहू नका. पुढे तपासणीत उघड झालं तर आधी मिळालेल्या रकमेची वसुली लागू शकते.

आता वारस नोंदीबद्दल, कारण बहिणीचं नाव सर्वात जास्त वेळा इथेच गळतं. मृत्यूनंतर तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) वर्दी द्यायची असते. ई-हक्क प्रणालीवरूनही अर्ज करता येतो. मामांनी अर्ज करण्याची वाट बघू नका. आईने स्वतः मृत्यूचा दाखला, सर्व वारसांच्या नावांचं प्रतिज्ञापत्र आणि आधार जोडून अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. फेरफार नोंदला की हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. त्यानंतर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद प्रमाणित करतात. आईचं नाव वगळून नोंद झालीच असेल तर प्रांतांकडे (उपविभागीय अधिकारी) ६० दिवसांत अपील करावं. मुलगी लग्न होऊन गेली म्हणून तिचा हक्क जात नाही. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात त्यावरच्या शंका मिटवल्या.

आईने याआधीच एखाद्या स्टॅम्पपेपरवर नोटरीसमोर सही केली असेल तर घाबरू नका. स्थावर मिळकतीचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरीच्या कागदाने हक्क जात नाही. तरी त्या कागदावरून फेरफार धरू नये, असा लेखी अर्ज तलाठ्याकडे लगेच देऊन ठेवा.

हिस्सा सोडून मामांकडून पैसे घ्यायचं ठरलं, तर एक हिशेब आधी करा. ३ लाख रुपये ७ टक्क्यांच्या ठेवीत टाकले की व्याजच वर्षाला २१,००० होतं. म्हणजे मर्यादा तिथेच गाठली, आणि मजुरीचे चार पैसे मिळवले की ओलांडली. एकरकमी रक्कम स्वतः दरवर्षीचं उत्पन्न नसते, पण तिच्यावरचं व्याज असतं. म्हणून जमिनीपेक्षा रोख रक्कमच पगाराला जास्त धोक्याची ठरू शकते, हे मामांनाही सांगा. तरीही पैसे घेतलेच तर ते बँकेतून घ्या आणि रक्कम दस्तात लिहून घ्या.

नाव लागल्याचा फायदाही आहे. पीएम किसानसाठी १ फेब्रुवारी २०१९ ला नावावर असलेली जमीन धरतात. त्यानंतर खरेदीने, बक्षीसपत्राने किंवा वडील हयात असताना वाटणीने मिळालेली चालत नाही. खातेदाराच्या मृत्यूमुळे वारसाहक्काने आलेली मात्र चालते. म्हणजे तुमच्या आईला शेतकरी ओळख क्रमांक काढून नोंदणी करता येईल. नोंदणीत जमीन मिळण्याचं कारण म्हणून 'मृत्यू' निवडा आणि फेरफार जोडा. पीएम किसानचे ६,००० आणि राज्याच्या नमो शेतकरीचे ६,००० मिळून वर्षाला १२,००० होतात. हे पैसे आधारला जोडलेल्या त्याच खात्यात दिसतात, तेव्हा उत्पन्न सांगताना लपवू नका. आजोबांच्या नावाने हप्ता येत असेल तर तो लगेच बंद करायला सांगा. मृत्यूनंतर आलेले हप्ते परत मागितले जातात.

रेशनकार्डाला दीड एकराने धक्का लागत नाही. केशरी कार्डासाठी जमिनीची अट चार हेक्टर किंवा जास्त बारमाही बागायत नसावी, अशी आहे. आणि लाडकी बहीण योजनेतली पाच एकरांची अट ३ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने काढून टाकली आहे. गावात अजून तीच सांगितली जाते. निराधारचे १,५०० मिळत असताना लाडकी बहीणचे १,५०० मिळत नाहीत, ही गोष्ट वेगळी.

वारस नोंदीनंतर पगार थांबलाच, तर तो जमिनीमुळेच थांबला असं धरून चालू नका. आधार खात्याला जोडलेलं नसणं, हयातीचा दाखला न दिलेला असणं, ही कारणं जास्त आढळतात. तहसीलच्या संजय गांधी शाखेत लेखी अर्ज देऊन कारण लेखी मागा. कारण उत्पन्नाचं निघालं, तर आईच्या दीड एकराच्या हिस्स्यावर काढलेला नवा दाखला घेऊन फेरविचाराचा अर्ज तिथेच द्या.