शब्दांची विचारपूस : ‘आल्लोरा’ आणि आपला ‘होरा’

प्रश्न : माझा पुतण्या मालवाहू जहाजावर नोकरीला आहे. तिथले इटालियन अधिकारी दर दोन वाक्यांमागे ‘आल्लोरा’ म्हणतात आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा असतो, असे तो सांगतो. हा शब्द आला कोठून?
– एक वाचक, मालवण

उत्तर : आपला पुतण्या घरी बोलताना दिवसाकाठी किती वेळा ‘मगे’ म्हणतो, हे त्याने मोजले तर निम्मे उत्तर त्याला तिथेच मिळेल. ‘आद इल्लाम होराम’, म्हणजे ‘त्या घटकेला’, हा लॅटिन शब्दप्रयोग झिजत झिजत ‘आल्लोरा’ झाला. फ्रेंच ‘आलोर’ही त्याच गोत्रातला, पोर्तुगीज ‘आगोरा’ मात्र ‘या घटकेला’ यापासून निघाला, म्हणून त्याचा अर्थ ‘आता’.

यातला ‘होरा’ लॅटिनने ग्रीकमधून घेतला, आणि तोच ग्रीक शब्द भारतीय ज्योतिषातही आला. वराहमिहिराने बृहज्जातकात ‘अहोरात्र’मधील पहिले व शेवटचे अक्षर गळून ‘होरा’ झाल्याचे एक मत नोंदवले आहे. ते चतुर असले तरी अभ्यासक ग्रीक उगमच ग्राह्य धरतात. एखाद्याचा होरा चुकला असे आपण म्हणतो, तेव्हा आपणही हाच शब्द वापरत असतो.

‘आल्लोरा’चा मूळ अर्थ ‘तेव्हा’. ‘दा आल्लोरा’ म्हणजे तेव्हापासून, आणि पदनामाआधी तो आला की ‘तत्कालीन’. पुढे काळ दाखवणारा हा शब्द कारणही दाखवू लागला, आणि त्यात आपल्याला नवल वाटू नये, कारण ‘होडी तेव्हा बंदरात होती’ आणि ‘वारा सुटला आहे, तेव्हा होडी बाहेर काढू नये’ या दोन वाक्यांत मराठी ‘तेव्हा’नेही नेमका तोच प्रवास केला आहे. याखेरीज विचार करताना शब्द लांबवून म्हटलेला ‘आल्लोरा…’ म्हणजे ‘तर…’, कामाला हात घालताना ‘चला तर मग’, आणि प्रश्नार्थक सुरात ‘मग, काय ठरले?’ अर्थ बहुतेक वेळा सुरावरूनच कळतो.

‘ए आल्लोरा?’ मात्र जपून वापरावे. त्याचा अर्थ ‘मग त्याचे काय?’ असा होतो, आणि वरिष्ठांना तो उर्मटपणा वाटू शकतो.