जादूचा चौरस आणि ‘जे’ नावाचे अक्षर

प्रश्न : मर्मिन आणि पेरेस या भौतिकशास्त्रज्ञांच्या ‘जादूच्या चौरसा’च्या खेळात दोन खेळाडू एकमेकांशी न बोलताही प्रत्येक वेळी जिंकू शकतात, असे वाचले. जो चौरस मुळात भरताच येत नाही, त्यात जिंकता कसे येते? आणि येथे गटसिद्धांताचा संबंध काय?

उत्तर : चौरस का भरत नाही, हे आधी कागदावर जरूर करून पाहावे. नऊ घरांत +१ किंवा −१ लिहायचे. प्रत्येक आडव्या ओळीचा आणि पहिल्या दोन उभ्या ओळींचा गुणाकार +१ यावा, तिसऱ्या उभ्या ओळीचा −१. नऊही आकड्यांचा गुणाकार आडव्या ओळींवरून +१ येतो आणि उभ्या ओळींवरून −१, त्यामुळे ताळा जमतच नाही. खेळात परीक्षक एकाला आडवी ओळ भरायला सांगतो, दुसऱ्याला उभी, आणि सामाईक घरात दोघांचा आकडा एकच यावा लागतो. आधी कितीही खलबते केली, तरी ९ पैकी ८ प्रश्नजोड्यांपलीकडे मजल जात नाही.

गुंतलेल्या (म्हणजे मोजल्यावर ज्यांची उत्तरे एकमेकांशी जुळलेली निघतात अशा) क्युबिटांच्या, म्हणजे क्वांटम बिटांच्या, दोन जोड्या वाटून घेतल्या, की हार उरत नाही, कारण आता घरात आकड्याऐवजी मापन असते. तिसऱ्या उभ्या ओळीत दोन्ही क्युबिटांवर एक्स, दोन्हींवर झेड आणि दोन्हींवर वाय ही पाउली मॅट्रिक्स (क्युबिटावरील मापने दर्शवणाऱ्या संख्यांच्या चौकटी) ठेवली, तर ती मापने परस्परांत क्रमनिरपेक्ष असतात, म्हणजे क्रम बदलला तरी गुणाकार तोच येतो, आणि त्यांचा गुणाकार नेमका वजा एकक येतो, म्हणजे −१ चेच काम करतो. वेगवेगळ्या ओळींतील मापनांचा क्रम मात्र प्रत्येक वेळी बदलता येतोच असे नाही, म्हणून वरचा ताळा येथे लागूच पडत नाही.

गट, म्हणजे ज्यातील घटकांचा गुणाकार करता येतो आणि तो उलटवताही येतो अशी रचना, येथेच जन्मतो. प्रत्येक घराला एक अक्षर द्यावे, ज्याचा वर्ग एकक (ज्याने गुणल्यास काहीच बदलत नाही असा घटक) असेल. एका ओळीतील अक्षरे क्रमनिरपेक्ष मानावीत. आणि −१ च्या जागी, सर्वांशी क्रमनिरपेक्ष असलेले व वर्ग एकक असलेले ‘जे’ हे अक्षर घ्यावे. क्लीव्ह, लियू आणि स्लोफस्ट्रा या संशोधकांनी दाखवले, की अशा प्रकारच्या कोणत्याही खेळात या नियमांतून ‘जे’ म्हणजे एककच असे निघाले तर बिनचूक डावपेच नसतो, आणि तसे निघत नसेल तर तो असतो, फक्त त्यासाठी कधी अनंत मितींची क्वांटम व्यवस्था लागू शकते. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत सुंदर वाटते : भौतिकीचा प्रश्न एका अक्षरावर येऊन थांबतो.

पुढे स्लोफस्ट्रा यांनी सिद्ध केले, की सांत, म्हणजे मर्यादित संख्येच्या, नियमांनी दिलेला कोणताही गट अशा एखाद्या खेळाच्या गटात बसवता येतो. गटातील शब्द, म्हणजे अक्षरांचा गुणाकार, एकक आहे की नाही, हे ठरवणारी सर्वसाधारण रीत नाही, हे १९५० च्या दशकातच सिद्ध झाले होते. त्यामुळे दिलेल्या खेळात असा डावपेच आहे का, हे ठरवणारा सर्वसाधारण प्रोग्रॅमही लिहिता येत नाही.