लहानपणी अर्धवट राहिलेला 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा जुना कॉम्प्युटर गेम आता कसा खेळता येईल? आणि मेगाहिट (त्यातला चीट-कोड) वापरून संपवला तर काय बिघडतं?

बिघडतं. कसा खेळायचा ते खाली सांगते, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नावरून आमच्या घरात पंचवीसेक वर्षं भांडण चालू आहे, म्हणून आधी तेच.

१९९७ चा मे महिना, कराड. मामाचा डीटीपीचा धंदा होता. म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि त्या दिवसांत लग्नपत्रिकांची ही रांग. सकाळपासून माणसं येऊन बसायची, 'आमच्या आत्याचं नाव राहिलं' म्हणून प्रूफ परत करायची. कॉम्प्युटर मोकळा मिळायचा तो फक्त दुपारी २ ते ३, मामा जेवून आडवा व्हायचा तेव्हा. आणि प्रिन्सला राजकन्येपर्यंत पोचायला मिळतात ६० मिनिटं. हे इतकं चपखल बसायचं की गेम बनवणाऱ्याचाही मामा दुपारी झोपत असणार, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

मामेभाऊ, म्हणजे दादा, दहावीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. मी सहावीत जाणार होते. पाळी अर्थातच पहिली त्याची. मी स्टुलावर बसून बघायचे आणि बघूनच मला सगळं पाठ झालं होतं. कुठली फरशी पाय पडला की हलते, काट्यांमधून शिफ्ट दाबून पाऊल पाऊल कसं जायचं, तिसऱ्या लेव्हलचा सांगाडा तलवारीने मरत नाही, त्याला ढकलत ढकलत कड्यावरून खाली पाडावं लागतं. गेम सेव्ह करता येतो तोही तिसऱ्या लेव्हलपासून पुढे. त्यामुळे दोन लेव्हलच्या आत लाइट गेली की पुन्हा पहिल्यापासून.

त्या वर्षी दादाने जाहीर केलं की त्याने प्रिन्स संपवला. मी तेव्हा आतल्या खोलीत पापड वाळत घालत होते, त्यामुळे पाहिलं कुणीच नाही. घरात मात्र त्याचा मोठाच गवगवा झाला. मामी सुद्धा शेजारणीला सांगत होती, 'आमच्या ह्याने कॉम्प्युटर संपवला.'

दुसऱ्या दिवशी तो गेम बंद करून चहाला उठला आणि मी पटकन खुर्चीत बसले. समोर काळा डॉसचा पडदा. डॉस वापरलेल्यांना आठवत असेल, एफ-३ दाबलं की आधी टाइप केलेली ओळ जशीच्या तशी पुन्हा उमटते. मी आळस म्हणून तेच दाबलं. आली ओळ: प्रिन्स, एक जागा सोडून, मेगाहिट.

मला काही कळलं नाही. एंटर दाबून खेळायला लागले आणि चुकून काहीतरी दाबलं गेलं तर समोरचा पहारेकरी उभ्या उभ्या कोसळला. के दाबलं की मरतो! शिफ्ट आणि एल दाबलं की पुढची लेव्हल. शिफ्ट आणि टी दाबलं की आपला एक लाल त्रिकोण, म्हणजे जीव, वाढतो. महाशयांनी असा 'संपवला' होता. मी विचारलं तर म्हणाला, 'ए शहाणे, गेममध्ये दिलंय म्हणजे वापरायलाच दिलंय ना?' हे वाक्य तो अजूनही प्रत्येक लग्नकार्यात म्हणतो. तुमचा प्रश्न वाचून मला आधी तोच टोपणनावाने लिहितोय की काय असं वाटलं.

मग मी हट्टाला पेटले. रोज तासभर, मेगाहिटशिवाय. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी बारावी लेव्हल गाठली तेव्हा ९ मिनिटं उरली होती.

इथे समोर आपलीच सावली येते. चौथ्या लेव्हलला आरशातून आरपार उडी मारावी लागते, तेव्हा पलीकडून हीच पळालेली असते. पाचवीत आपल्या आधी जाऊन ती मोठी बाटली पिऊन टाकते, सहावीत तोंडावर जाळी पाडते. म्हणजे चांगलाच राग साठलेला असतो. मी तलवार काढली, तिने काढली. मी वार केला तर माझाच त्रिकोण गेला. तिला मारलं की आपण मरतो. दोनदा मेले. तिसऱ्यांदा मी तलवार म्यानात घातली, तर तिनेही घातली. पुढे चालत गेले, तर दोघं एक झालो आणि पुढच्या रिकाम्या हवेत पाय टाकला तर पायाखाली फरशी उमटत गेली. मी स्टुलासकट ओरडले असणार, कारण मामा उठला.

दादाला हे माहीतच नव्हतं! तो बारावीला शिफ्ट-एल दाबून पुढे गेला होता. माझं म्हणणं एवढंच आहे: ज्याला सावलीचं माहीत नाही त्याने प्रिन्स संपवलेला नाही, मग राजकन्या मिळो नाहीतर न मिळो. (मला नाही मिळाली. जाफर, म्हणजे शेवटचा दुष्ट वजीर, त्याच्यासमोर वेळेची वाळू संपली आणि सकाळी एसटी होती.)

मोठेपणी वाचलं की ही सावली मुळात ठरलेलीच नव्हती. जॉर्डन मेकनरने १९८९ मध्ये गेम आणला तो ॲपल-२ वर. धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, व्हिडिओ काढला आणि त्यावरून एकेक चित्र गिरवलं. त्यातच मेमरी भरली. शत्रूसाठी नवी चित्रं ठेवायला जागा नाही, म्हणून राजपुत्राचीच चित्रं किंचित सरकवून एकमेकांवर टाकली आणि तो थरथरता सावलीपुरुष निघाला. मी हे दादाला व्हॉट्सॲपवर पाठवलं. अंगठा आला.

आता तुमचं काम. डॉसबॉक्समध्ये (जुने डॉसचे गेम आजच्या कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्राम) चालतो, इंटरनेट अर्काइव्हवर थेट ब्राउझरमध्येही चालतो. पण ब्राउझरमध्ये कंट्रोल-जी सेव्हऐवजी भलतंच करतो, म्हणून मी तरी एसडीएलपॉप (याच गेमची आजच्या कॉम्प्युटरसाठी केलेली आवृत्ती) उतरवून घ्या म्हणेन, फुकट आहे. आणि खेळण्याआधी विंडोजमधलं स्टिकी कीज बंद करा. पाच वेळा शिफ्ट दाबलं की खिडकी उघडते, ती नेमकी काट्यांवर असताना.

मेगाहिट वापरायचंच असेल तर निदान चौथी आणि बारावी वगळू नका. नोकरी, लेकरं सांभाळून कुणाला साठ मिनिटं सलग मिळत नसतील तर प्लस दाबून वेळ वाढवलेला मी समजू शकते, तेवढं माफ. आणि न्याय म्हणून सांगते, जाफरशी दादा के न दाबता लढला होता असं तो शपथेवर सांगतो.

अजून एक. तलवार मी विचार करून म्यानात घातली नव्हती. मामीने आतून हाक मारली, मी दचकले आणि बोट खालच्या बाणावर पडलं. हे दादाला आजवर सांगितलेलं नाही, आणि तो ही साइट वाचत नाही.